पाकिस्तानला कर्ज देणाऱ्या आयएमएफमध्ये आपले पैसे कोणाला विचारून गेले?

9 मे 2025. भारत-पाकिस्तान संघर्ष सुरू असतानाच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, म्हणजे आयएमएफने, पाकिस्तानला सुमारे 1 अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानापासून दूर राहिला. चांदूर बाजारच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच प्रश्न आला : "आपल्या टॅक्सचे पैसे यायले कायले देता?"

प्रश्न रास्त आहे. पण ही देणगी नाही. प्रत्येक सदस्य देश आपला 'कोटा' भरतो. साधारण पाव हिस्सा परकीय चलनात, उरलेला स्वतःच्या चलनात. परकीय चलनातला हिस्सा आपल्या परकीय गंगाजळीतच मोजला जातो आणि अडचणीत काढताही येतो. भारताचा वाटा सुमारे 2.75 टक्के, मतं त्याहून थोडी कमी. त्यामुळे एकट्या भारताच्या विरोधाने कर्ज अडत नाही.

मग हे पैसे ठरवले कोणी? 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला परिषद झाली. भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. (आयसीएस झाल्यावर त्यांची नोकरी आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात सुरू झाली होती.) युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेलं भारताचं येणं सोडवायला निधीने मदत करावी, ही भारताची मागणी तिथे फेटाळली गेली. कोटा ठरला 40 कोटी डॉलर.

संस्थापक सदस्य होण्याची मुदत होती 31 डिसेंबर 1945. ब्रिटिश सरकारने थेट वटहुकूम काढला आणि 27 डिसेंबरला भारत सदस्य झालाही. केंद्रीय विधिमंडळात चर्चा झाली ती 1946 मध्ये. आधी सही, मग विचारणा, हाच सभासदांचा राग होता. सदस्यत्व मात्र टिकलं.

आज असा खर्च संसदेच्या मंजुरीनेच होतो. पण अनुदानाच्या कितीतरी मागण्या वेळ संपला म्हणून चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात, त्याला 'गिलोटिन' म्हणतात.

अमेरिकेत चित्र उलटं. कोटा वाढवायला 85 टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे एकटीकडेच 16 टक्क्यांहून जास्त आहेत. शिवाय तिथल्या कायद्यानुसार काँग्रेसची परवानगी लागते. भारताचा वाटा वाढवणारी 2010 ची सुधारणा काँग्रेसने डिसेंबर 2015 पर्यंत अडवून धरली होती. डिसेंबर 2023 मध्ये सर्वांचा कोटा 50 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तेव्हाही अमेरिकेच्या वाट्यासाठी त्याच दारात जावं लागलं.