जिप्सी मागून का सरकते?

ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पहाटे उघड्या जिप्सींची रांग लागते. सहा पर्यटक, गाईड आणि चालक अशी आठ माणसं घेऊन गाडी कच्च्या वाटेने बेताच्या वेगात निघते. आज सफारीची म्हणून ओळखली जाणारी ही गाडी एकेकाळी भारतीय रॅलींमध्ये दबदबा राखून होती. चंदीगडच्या हरी सिंग यांनी 1990 च्या दशकात जिप्सीवर राष्ट्रीय रॅलीची विजेतेपदं मिळवली. 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘रेड दे हिमालय’ रॅलीमध्येही ती वर्षानुवर्षं धावली.

मारुतीने जिप्सी डिसेंबर 1985 मध्ये आणली, तेव्हा तिचं इंजिन 970 सीसीचं होतं. 1996 मध्ये 1298 सीसीची ‘जिप्सी किंग’ आली आणि 2019 च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी गाडी बंद झाली. या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही: पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. 2023 मध्ये आलेल्या जिम्नीला कॉइल स्प्रिंग मिळाल्या, जिप्सीला त्या कधीच मिळाल्या नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीत शर्यत म्हटली की आठवतो तो बैलजोड्यांचा शंकरपट. मोटारीची हौस असेल त्याला ऑटोक्रॉस किंवा रॅलीसाठी जिल्ह्याबाहेर जावं लागतं. पण पाट्यांचं ज्ञान मात्र इथे रस्त्याच्या कडेला मिळतं. चंद्रपूरचे कोळशाचे ट्रक आणि सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक यांच्या पाट्यांवर ज्यांचा हात बसलाय, त्या मिस्त्रींना तुटका पाटा लांबून ओळखता येतो. हौशी चालक मात्र गाडी मागून फेकायला लागली की थेट महागडे शॉकअप मागवतो. तिथेच पैसा वाया जातो.

तक्रार नीट मांडा

‘मागून सरकते’ ही तक्रार अर्धवट आहे. कुठल्या वळणावर, वळणाच्या कुठल्या भागात आणि पायाखाली काय चाललेलं असताना सरकते, हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

पहिला प्रश्न: डाव्या आणि उजव्या, दोन्ही वळणांवर सरकते का? दोन्हीकडे सारखीच सरकत असेल, तर दोष बहुधा गाडीच्या जुळवणीत आहे. म्हणजे पाटे कडक आहेत, हवा चुकली आहे किंवा उंची चुकली आहे. एकाच बाजूला सरकत असेल, तर बहुतेक वेळा काहीतरी तुटलंय, ढिलं झालंय किंवा दोन बाजूंत फरक पडलाय. एका बाजूचा मधला पाटा तडकला असेल, एक शॉकअप मेला असेल किंवा एकाच बाजूचं बुश झिजलं असेल. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

दुसरा प्रश्न वळणाच्या टप्प्याचा. ब्रेक मारत वळणात शिरताना मागचं अंग सुटत असेल, तर मागचे ब्रेक जास्त धरताहेत का आणि शॉकअप नीट काम करतात का, ते पाहावं. वळणाच्या मध्यावर, पाय स्थिर असताना सुटत असेल, तर टायर आणि पाटे तपासावेत. मध्यावर एकदम झटका बसून सुटत असेल, तर बाहेरच्या बाजूचा पाटा पूर्ण दबून ॲक्सल रबरी बंपावर आदळत असण्याची शक्यता मोठी. त्या क्षणी ती बाजू दगडासारखी कडक होते आणि टायर पकड सोडतो. वळणातून बाहेर पडताना ॲक्सलरेटर दाबल्यावर मागची चाकं थडथडत असतील, तर ॲक्सलच्या पिळामुळे पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वाकून पुन्हा उसळताहेत.

तिसरा प्रश्न सरळ रस्त्याचा. स्टिअरिंग सरळ असूनही गाडी तिरकी चालत असेल, तर ॲक्सल जागेवरून हललेला असतो. यू-बोल्ट ढिले पडले की पाट्यांच्या गठ्ठ्यातला सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल एका बाजूने मागे किंवा पुढे सरकतो.

दोरी, ओळंबा आणि खडू

यातलं बरंचसं दहा-वीस रुपयांच्या सामानात तपासता येतं. सपाट जमिनीवर गाडी उभी करून ओळंब्याने चारही चाकांचे मध्यबिंदू खडूने जमिनीवर उतरवा. मग डाव्या बाजूचं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर आणि उजव्या बाजूचं अंतर मोजा. जिप्सीचं हे अंतर 2375 मिलिमीटर आहे. दोन बाजूंत ठळक फरक दिसला, तर शॉकअप बदलून काहीही होणार नाही.

मग यू-बोल्टच्या नटांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, ती नटावरून खालच्या प्लेटवर उतरू द्या. खडबडीत जमिनीवर गाडी फिरवून आणल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला. शॉकअपच्या दांड्याला प्लास्टिकची झिप टाय घट्ट बांधली, की ती जिथवर ढकलली जाते तिथवर गाडी दबली, हे कळतं. आणि गाडी थांबल्या थांबल्या चारही शॉकअपना बेताने हात लावून पाहा. शॉकअप हादऱ्याची उष्णता करतो; तिघं गरम आणि एक गार असेल, तर तो गार राहिलेलाच काम करत नाही. पाट्यांच्या मधल्या फटीत गंजाची तांबूस रेघ दिसली, तर तिथे तडा शोधावा.

हवेकडे तर सगळ्यांत आधी पाहायला हवं. तापमान दर साडेपाच-सहा अंशांनी वाढलं, की टायरमधला दाब सुमारे 1 पीएसआयने चढतो. मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 च्या वर जातो. सकाळी 28 अंशांना भरलेली हवा दुपारी तीन पीएसआयने जास्त भरते. सकाळी शहाण्यासारखी वागणारी गाडी दुपारी मागून सुटण्यामागे एवढंही कारण पुरतं.

उंची वाढवण्याची हौस

जिप्सीवाल्यांची आवडती करामत म्हणजे उंची वाढवणं. कंपनीच्या गाडीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. हौशी लोक ते वर घेतात किंवा जास्त कमान चढवलेले पाटे बसवतात. जंगलवाटेवर दगड लागत नाहीत, म्हणून ते बरं वाटतं. वेगात वळताना मात्र तेच अंगलट येतं.

मागच्या पाट्याचं पुढचं टोक चेसीला पक्कं असतं आणि मागचं टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतं. म्हणून पाट्याचा पुढचा अर्धा भाग ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या दांडीचं काम करतो. गाडी उंच केली, की या दांडीचं पुढचं टोक ॲक्सलच्या मानाने वर जातं. वळणात गाडी कलली, की बाहेरचं चाक वर दबताना थोडं मागे जातं आणि आतलं चाक थोडं पुढे येतं. ॲक्सल तिरका होऊन मागची चाकं वळणाच्या बाहेर तोंड करतात. चालकाने काही न करता मागचं अंग स्वतःहून बाहेर निघतं. शिवाय पाटे ॲक्सलच्या वर गेले की ॲक्सलरेटर दाबताना पिळाचा त्रासही वाढतो.

हे गणित जुनं आहे. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930 च्या दशकातच गाडीच्या वळण्यावर मागच्या ॲक्सलचा काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास केला होता.

एका वेळी एकच बदल

दुरुस्तीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा: टायर आणि हवा, मग बोल्ट आणि बुश, मग ॲक्सलची जागा, मग पाटे, आणि शेवटी शॉकअप. पाटे ठोकून कमान चढवायची असेल, तर दोन्ही बाजूंना सारखी चढवा आणि उंची मोजून घ्या. वजनही लक्षात ठेवा. मागे उंच सीटवर माणसं बसवलेली सफारीची जिप्सी आणि सीट काढलेली शर्यतीची जिप्सी यांना एकच पाटे चालत नाहीत. रिकाम्या गाडीला भारी पाटे कडक पडतात आणि मागची चाकं उसळतात.

एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा आणि फरक जाणवला तर जुनी जुळवणी परत बसवून दोष परत येतो का, ते पाहा. परत आला, तरच कारण सापडलं म्हणायचं. पुढची चाकंही विसरू नका. पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत टायर असतील, तर मागचं सस्पेन्शन कितीही चांगलं असलं तरी गाडी सरकणारच.

शेवटची विनंती चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हौशी मंडळींना. या चाचण्या बंदिस्त मैदानात, परवानगी घेऊन, हेल्मेट आणि पट्टा लावूनच करा. मूलचा किंवा आलापल्लीचा रस्ता मोकळा दिसतो, पण तिथे रात्रंदिवस जनावरं रस्ता ओलांडतात. मागून सरकणाऱ्या गाडीची परीक्षा घेण्याची ती जागा नव्हे.