सीमेवरचा मृत्यू, शिफ्टवरचा मृत्यू : गाव कुणासाठी थांबतं?

या भागाचं हे लेखी रूप. एसटीत रेंज जात असेल, इअरफोन घरी राहिले असतील, तर वाचून काढा. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त थोडं आटोपशीर केलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून सुचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "जवान गेला की आख्खा तालुका रस्त्यावर येतो. आमच्या गावचा वायरमन पोलवर चिकटून गेला, तेव्हा लोक विचारत होते, लाइट कधी येणार? दोघं ड्युटीवरच होते ना?"

प्रश्न अवघड आहे. सातारा-सांगलीत तर जास्तच अवघड, कारण आपल्याकडं मिलिट्री ही लांबची गोष्ट नाही. ती घरातली आहे. म्हणून घाईनं "सगळे सारखेच" किंवा "तुलनाच चुकीची" असं काही न म्हणता, नीट उलगडून बघू.

आधी आपला इतिहास

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिट्री' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान गेले. इंग्रज सरकारनं त्यांच्यासाठी गावात स्मारक उभारलं. आजही तिथल्या घराघरांत फौजेची परंपरा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ते ४६ जण लढले ते इंग्रजांच्या साम्राज्यासाठी. त्यांना पाठवणारं सरकार परकं होतं. तरी गावानं ते मरण आपलं मानलं, आजही मानतं. आणि इंग्रजांनी स्मारक उभारलं ते फक्त दुःखापोटी नव्हे. ज्या गावाला मान मिळतो, त्या गावातून पुढची भरतीही होते, हे त्यांना चांगलं कळत होतं. म्हणजे जवानासाठीचा दुखवटा हा मनातून येतो हे खरं, पण त्याला आकार द्यायचं काम सरकार करतं. तिरंगा, बंदुकीच्या फैरी, शासकीय इतमाम, पालकमंत्र्यांची हजेरी, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. वायरमनसाठी ते कुणी ठरवलेलं नाही.

मग जवानाचं मरण खरंच वेगळं आहे का?

माझं मत सांगतो : हो, आहे. पण त्याची नेहमी दिली जाणारी कारणं मला पटत नाहीत.

पहिलं नेहमीचं कारण म्हणजे धोका. "जवान जीव धोक्यात घालतो." बरोबर. पण धोकाच मोजायचा तर गटारात उतरणारा सफाई कामगार, विहिरीत सुरुंग लावणारा, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून रात्री ट्रॅक्टर हाकणारा, हे सगळे त्याच रांगेत येतात.

दुसरं कारण म्हणजे निःस्वार्थीपणा. "तो पगारासाठी जात नाही." मंडळी, भरतीच्या तयारीला पहाटे चारला रोडवर पळणारी पोरं आपण रोज बघतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा कमी पावसाचा पट्टा. तिथं फौजेची नोकरी म्हणजे घराला लागलेलं कायमचं नळाचं पाणी. याच पट्ट्यातली, खानापूर-विट्याकडची पोरं गलाईच्या धंद्यातही जातात. देशभरच्या सराफ पेठांत भट्टीपुढं, तेजाबाच्या वाफेत सोनं-चांदी गाळतात. एक भाऊ सीमेवर, एक भट्टीवर. दोघं घराबाहेर पडले त्याचं कारण एकच. पोटासाठी गेला म्हणून जवानाचा त्याग कमी होत नाही. पण मग पोटासाठी गेला म्हणून दुसऱ्याचं मरणही साधं होत नाही.

खरा फरक मला दोन ठिकाणी दिसतो.

एक, जवानाला 'नाही' म्हणता येत नाही. कामगार निदान कागदावर तरी म्हणू शकतो, की हे मशीन बिघडलंय, मी हात घालणार नाही. जवानाला ती सोय नाही. १९५० च्या लष्कर कायद्यात शत्रूसमोर चौकी सोडून पळण्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमानुसार त्याच्या मूलभूत हक्कांवरही बंधनं घालता येतात. युनियन नाही, संप नाही.

दोन, त्याला आपण पाठवलेलं असतं. तुम्ही-आम्ही मत देऊन निवडलेलं सरकार त्याला पाठवतं, आपल्या नावानं पाठवतं. म्हणून त्याच्या मरणाचा हिशेब सगळ्या देशाच्या नावावर लागतो. सार्वजनिक दुखवटा म्हणजे ही जबाबदारी उघडपणे मान्य करणं.

साताऱ्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना गेले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढं स्वतः प्रशिक्षण घेतलं आणि २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. सारा जिल्हा अशा घराच्या मागं उभा राहतो, यात काहीच वावगं नाही. ते व्हायलाच पाहिजे.

पण रेषा आपण समजतो तेवढी पक्की नाही

जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना अशोक चक्र मिळालं. ते तेव्हा सैनिक नव्हते, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. आपण त्यांना जवानांच्याच रांगेत ठेवतो, आणि योग्यच करतो.

मुंबईचंच अजून एक. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीत. कोविडमध्येही तेच झालं. नर्स, डॉक्टर, आशाताई यांना आपण 'योद्धा' म्हणालो, सरकारनं ५० लाखांचं विमा कवच दिलं. म्हणजे ठरवलं तर ही रेषा सरकते.

आणि आत, लष्करातही ती सरळ नाही. 'शहीद' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण सैन्यात तो अधिकृत शब्दच नाही, असं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलंय. तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' अशी वर्गवारी असते. लढाईत गेला तर पहिली, बराकीत हार्ट अटॅकनं गेला तर दुसरी. त्यावर पेन्शन आणि मदतीचे आकडे बदलतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये ड्युटीवर गेला. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो, सानुग्रह रक्कमही मिळते. पण नेहमीच्या जवानाच्या घरच्यांना मिळते ती कुटुंब पेन्शन त्याच्या घरच्यांना नाही. बर्फ तोच, चौकी तीच.

आता दुसरी बाजू

२१ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा दुसरा दिवस. कडेगाव तालुक्यातल्या शाळगाव एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात रिअॅक्टरचा स्फोट झाला, विषारी वायू पसरला. तिघं गेले : दोन कामगार महिला आणि एक सुरक्षारक्षक. आठवतंय? दोन दिवसांनी निकाल होता, सगळ्यांचे मोबाइल आकड्यांनी भरलेले होते.

अशा मृत्यूनंतर काय होतं, ते आपल्याला पाठ आहे. सिव्हिलला पोस्टमॉर्टेम. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. बरेचदा नातेवाईक ठिय्या देतात, मोबदल्याचं लिहून दिल्याशिवाय बॉडी ताब्यात घेणार नाही म्हणतात. हे दृश्य नीट बघा. जवानाचं पार्थिव घ्यायला अख्खा गाव वेशीवर उभा असतो. कामगाराचं पार्थिव घरच्यांना वाटाघाटीसाठी अडवून धरावं लागतं, कारण त्यांच्या हातात दुसरं काहीच नसतं.

हे एखाद-दुसरं प्रकरण नाही. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातल्या फक्त नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी अकराशेहून जास्त कामगार गेले. म्हणजे दिवसाला तीन. यात शेत नाही, बांधकाम नाही, गटार नाही.

ऊसही नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हंगामात बीडकडून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', हिशेबात दोघं मिळून एकच. उचल मुकादमाकडून, ऊस कारखान्याचा, फड शेतकऱ्याचा. त्यातला एक जण ट्रॉलीखाली गेला तर तो नेमका कुणाचा माणूस? कारखाना म्हणतो मुकादमाचा, मुकादम म्हणतो माझा नाही. जवानाच्या बाबतीत 'कुणी पाठवलं' हे स्वच्छ माहीत असतं. इथं तेच धूसर करून ठेवलेलं असतं.

पैशाचा हिशेब

जवानासाठी केंद्राची सानुग्रह रक्कम २०१६ पासून परिस्थितीप्रमाणे २५ ते ४५ लाख, वर कुटुंब पेन्शन, वर राज्याची मदत. कामगारासाठी १९२३ च्या भरपाई कायद्याचं सूत्र, जे आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलंय : महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी हिशेबाला धरायची मर्यादा २०२० मध्ये १५,००० ठरली. तीस वर्षांच्या कामगारासाठी तो आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, साधारण १५ लाख ६० हजार. तेही तो हजेरीपटावर असेल, तर. गटारात गेलेल्यांसाठी सुप्रीम कोर्टाला २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख ठरवून द्यावे लागले. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला राज्याच्या गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख.

मग काय म्हणायचंय?

तिरंगा सगळ्यांना द्या, असं मी म्हणत नाही. फैरी, सलामी, तिरंगा ही जवानाची खूण आहे, ती त्याचीच राहू दे. कारण त्याला आपण पाठवलं आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं. वेगळं मरण, वेगळा मान.

पण दुखवट्यात मानाशिवाय अजून तीन गोष्टी असतात : गेलेल्याचं नाव लक्षात राहणं, मागं राहिलेल्यांची सोय होणं, आणि 'हे का झालं' याचं उत्तर मिळणं. या तीन गोष्टी कुठल्याही गणवेशाच्या मालकीच्या नाहीत. त्या ड्युटीवर गेलेल्या प्रत्येकाच्या आहेत.

आणि तिसरी गोष्ट तर बरेचदा जवानालाही मिळत नाही. 'वीरमरण' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, की गाडी जुनी होती का, बूट बरोबर होते का, रस्ता तपासला होता का. विचारलं तर देशद्रोह वाटतो. 'अपघात' म्हटलं की तिकडंही कुणी विचारत नाही, की व्हॉल्व्ह कधी तपासला होता, मास्क होते का, शटडाउन घेतला होता का. विचारलं तर 'नशीब' म्हणतात. एका शब्दानं छाती फुगते, दुसऱ्यानं खांदे उडवले जातात, पण दोन्ही शब्दांनी चौकशी थांबते. वायरमनच्या बायकोला सलामी नको असेल कदाचित. लाइन बंद केलेली असताना ती चालू कुणी केली, एवढं तिला कळायला हवं.

तुम्ही काय करू शकता?

घरातलं कुणी कारखान्यात असेल तर आज रात्री विचारा : ईएसआयचा नंबर आहे का? पगार २१,००० पर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये येत असेल, तर कामावरच्या मृत्यूनंतर अवलंबून असलेल्यांना पगाराच्या सुमारे ९० टक्के दरानं मासिक रक्कम मिळते. ये-जा करतानाचा अपघातही त्यात येऊ शकतो. नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, हजेरीचा फोटो, जे असेल ते मोबाइलमध्ये ठेवा. ठेकेदाराचा माणूस असेल तर हे दुप्पट गरजेचं.

गावात असं कुणी गेलं तर स्टेटसला 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकाच, पण सोबत तो काय काम करत होता आणि कशानं गेला, हेही लिहा. ग्रामसभेत नाव घ्या. २८ एप्रिल हा कामावर गेलेल्या कामगारांच्या स्मरणाचा दिवस जगभर पाळतात. शाळेत, तालमीत, मंडळात त्या दिवशी दोन मिनिटं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या गावात कामावर गेलेल्या, आणि ज्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही, अशा माणसाबद्दल आम्हाला व्हॉइस मेसेज करा. घरच्यांना विचारून मगच पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू. तोवर हा भाग त्या मित्राला पाठवा, जो भरतीची तयारी करतोय, आणि त्यालाही, जो नाइट शिफ्टला निघालाय.