लोणारचं पाणी वेबकॅमवर गुलाबी का होत नाही?

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं आणि बुलढाणा जिल्हा देशभरच्या बातम्यांत आला. खारं पाणी मानवणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढल्यामुळे हा रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, काळ्या बेसाल्टवर आदळलेली उल्का आणि रंग बदलणारं पाणी. स्टॉप मोशन फिल्म करू पाहणाऱ्या शाळकरी मुलांना याहून चांगला विषय शोधूनही मिळायचा नाही. क्लेचं विवर करायचं, उल्केचा गोळा दोऱ्याला बांधून जरा जरा खाली सोडायचा आणि दर वेळी एक फोटो घ्यायचा. सेकंदाला १२ फोटो धरले तर एका मिनिटाला ७२० लागतात. चिकाटी हवी, पण खर्च फारसा नाही. संगणकाला लावलेला साधा वेबकॅम पुरतो.

फोटो सलग पळवून पाहिले की मात्र मुलांचे चेहरे उतरतात. उजेड लुकलुकतो. काळी उल्का खाली येऊ लागली की विवर आपोआप उजळतं. आणि एवढ्या मेहनतीने हिरवा क्ले काढून गुलाबी भरलेलं पाणी पडद्यावर मळकट राखाडी दिसतं.

दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या किमतीवर टाकला जातो. खरं कारण असं की वेबकॅम बनवला जातो तो व्हिडिओ कॉलसाठी. बोलणाऱ्याचा चेहरा कुठल्याही उजेडात बरा दिसावा म्हणून तो क्षणोक्षणी स्वतःच फेरफार करत राहतो. फ्रेममध्ये गुलाबी रंग फार झाला की त्याला वाटतं दिव्याचाच उजेड गुलाबी आहे, आणि तो रंग काढून टाकतो. हे ऑटो व्हाइट बॅलन्सचं काम. फ्रेममध्ये काळा गोळा मोठा होत गेला की त्याला अंधार झाल्यासारखं वाटतं, म्हणून तो चित्र उजळवतो; हा ऑटो एक्स्पोजर. ऑटोफोकस तर आणखी त्रासदायक. फोकस पुढे-मागे झाला की चित्राचा आकारही किंचित बदलतो, आणि स्थिर विवर श्वास घेतल्यासारखं हलू लागतं. कॉलवर यातलं काही जाणवत नाही. पण दोन फोटोंमध्ये पाच मिनिटं गेलेली असतील आणि ते फोटो लागोपाठ दिसणार असतील, तर यातला प्रत्येक फेरफार उघडा पडतो.

म्हणून शूटिंगआधी ही तिन्ही स्वयंचलित कामं बंद करायची. बहुतेक स्टॉप मोशन सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगची खिडकी असते. तिथे ‘ऑटो’ची खूण काढून आकडे हाताने ठरवावेत आणि वहीत लिहून ठेवावेत. लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण केबल निघाली किंवा लाइट जाऊन संगणक बंद पडला की बरेच वेबकॅम पुन्हा ऑटोवर जातात. ‘कमी उजेडात सुधारणा’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तोही बंद करावा.

एवढं करूनही लुकलुक थांबली नाही, तर नजर विजेकडे वळवावी. भारतात विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आहे, म्हणून तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात; अशा प्रत्येक चढ-उताराला आपण ठोका म्हणू. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली राहते, त्यामुळे हा फरक कमी. स्वस्त एलईडीमध्ये तो बराच असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आणि अनेक वेबकॅम तिथला आकडा धरूनच सुरू होतात. त्यामुळे आपल्याकडे चित्रावर आडवे पट्टे सरकतात. सेटिंगमध्ये ‘पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी’ शोधून ५० हर्ट्झ करावी.

विंडोजवरची एक बारीक खोच फारशी कुणी सांगत नाही. तिथे एक्स्पोजरचे आकडे उणे असतात: उणे ५ म्हणजे सेकंदाचा बत्तिसावा भाग, उणे ६ म्हणजे चौसष्टावा. यातला एकही आकडा ५० किंवा १०० च्या गणितात नीट बसत नाही. चौसष्टाव्या भागात दिव्याचे जेमतेम दीड ठोके मावतात, मग एका फोटोत उजेड जास्त पडतो, दुसऱ्यात कमी. क्लेचा गोळा हलत नाही, त्यामुळे कॅमेरा घेऊ देईल तेवढं लांब एक्स्पोजर घ्यावं. उणे ३ ला, म्हणजे आठव्या भागात, बारा-तेरा ठोके येतात आणि अर्ध्या ठोक्याचा फरक डोळ्याला कळेनासा होतो.

गावाकडे याच्या जोडीला व्होल्टेजचा प्रश्न. कृषिपंप सुरू झाले, डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला की घरातला पिवळा बल्ब मंदावतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर त्याचा उजेड साधारण तीस टक्के घटतो. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी तेवढा ढळत नाही. त्याहून उत्तम म्हणजे बॅटरीवर थेट चालणारा १२ व्होल्टचा दिवा: त्याला ना ठोके, ना डीपीची चिंता. फक्त डिमर लावू नये, कारण बरेच डिमर दिवा वेगाने चालू-बंद करूनच उजेड कमी करतात.

खिडकी बंद ठेवावी; ढग आला-गेला की विवरावरची सावली बदलते. फोटो घेणाऱ्याने पांढरा शर्ट घालू नये, त्यावरून परतलेला उजेड क्लेवर पडतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात हे काम सकाळी लवकर उरकावं. उन्हाने तेलाचा क्ले मऊ पडून विवराचे काठ ढासळतात, शिवाय तापलेल्या सेन्सरवर रंगीत ठिपके वाढतात.

दादासाहेब फाळक्यांच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर, फोकस, काहीच आपोआप होत नव्हतं. लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची फिल्म केली. ती पाहूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज द्यायला माणसं पुढे आली. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवल्या. वेबकॅमचं ऑटो बंद करणारा मुलगा फाळक्यांच्याच पद्धतीने काम करायला बसतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

चित्र धूसर किंवा चौकटी-चौकटींचं येत असेल तर कारण केबलमध्ये असू शकतं. यूएसबी २.० मधून सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट जातात. फुल एचडीचा ३० फ्रेमचा कच्चा व्हिडिओ त्याच्या दुपटीहून मोठा. म्हणून कॅमेरा चित्र दाबून पाठवतो आणि बारकावे जातात. स्टॉप मोशनला ३० फ्रेम लागतच नाहीत. वेग सेकंदाला ५ फ्रेमवर आणून न दाबलेलं चित्र घेता येत असेल तर तेच घ्यावं. स्क्रीन नुसती काळी असेल तर मागे झूम किंवा मीट उघडं आहे का आणि विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला परवानगी आहे का, हे आधी तपासावं. फोटोत हात दिसत असेल तर हात काढल्यावर सेकंदभर थांबून बटण दाबावं. संगणकाकडे मागची काही चित्रं रांगेत उभी असतात.

शेवटची युक्ती पुठ्ठ्याची. राखाडी पुठ्ठ्याचा बोटभर तुकडा फ्रेमच्या कोपऱ्यात, नंतर कापून टाकता येईल अशा जागी चिकटवावा. तो सगळ्या फोटोंत सारखाच दिसायला हवा. एखाद्या फोटोत तो उजळ किंवा पिवळा दिसला, तर गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच फोटो पुठ्ठ्याच्या रंगाशी जुळवून घेता येतो, आणि ७२० फोटो पुन्हा काढावे लागत नाहीत.