अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

‘पुण्यात जुन्या मसल कारचं इंजिन स्वस्तात बांधतात म्हणे, जरा बघून या,’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. पुण्यात मसल म्हटलं की तालीम आठवते, लाल माती आठवते. मोटार आठवत नाही. मसल कार ही अमेरिकेची चीज. १९६४ सालची पाँटिॲक जीटीओ घ्या: मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचं, जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन कोंबलेलं. आपल्याकडे एवढं पेट्रोल पिणारी गाडी पोसायची कोणी?

पण ओळखीतला एक तरुण आहे, सहकारनगरचा, बँकेत नोकरीला. वडिलांची कॉन्टेसा त्याच्या वाट्याला आली आहे. गाडी धूर मारते, ऑईल खाते, चढावर दम टाकते. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘मसल कार ना? मग नाना पेठेत या. सध्या ती सुट्या भागांत आहे.’

कॉन्टेसाला आपल्याकडची मसल कार म्हणतात ते काही उगाच नाही. लांब बॉनेट, चौकोनी बांधा, मागच्या चाकांना ताकद. मूळ गाडी व्हॉक्सहॉल या इंग्रज कंपनीची, आणि ती कंपनी तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सची. त्यामुळे डेट्रॉइटचं वळण अंगावर उतरलेलं. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली ती उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि एवढ्या थोरल्या अंगात बसवलं ॲम्बॅसिडरचं १,४८९ सीसीचं इंजिन, ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. पैलवानाच्या छातीत कारकुनाचं काळीज! पुढे इसुझूचं १,८१७ सीसीचं इंजिन आलं, ताकद ८८च्या आसपास गेली, पाच गिअर आले आणि गाडीला ‘कॉन्टेसा क्लासिक’ हे नाव शोभायला लागलं. तरीही जीटीओच्या आठांपैकी सव्वादोन सिलिंडरांत हे अख्खं इंजिन मावेल. आपला मसल एवढाच.

नाना पेठ म्हणजे पुण्याची स्पेअर पार्टची पेठ. दुकानांबाहेर सायलेन्सर टांगलेले, फूटपाथवर टायरची चळत, आणि गिऱ्हाइकाच्या हातात कुठला तरी काळा झालेला नमुना: ‘यातलं दुसरं आहे का?’ या गर्दीमागच्या एका बोळात बोअरिंगचं दुकान आहे. पाटी दिसत नाही, वास मात्र येतो, रॉकेल आणि गरम लोखंडाचा. मालक सत्तरीला टेकलेले. त्यांना सगळे ‘वस्ताद’ म्हणतात. म्हणजे तालमीशी माझा संबंध शेवटी जुळलाच.

कॉन्टेसाचा ब्लॉक लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला होता. तरुणाने वही उघडली. मोठा कार्बोरेटर, वेगळा कॅम, फ्री-फ्लो सायलेन्सर अशी यादी, शेवटी अधोरेखित आकडा: एक लाख. वस्तादांनी वहीकडे पाहिलंही नाही. ‘आधी माप घेऊ दे. खर्च माप सांगतं, आपण सांगायचा नसतो.’

मग त्यांनी लाकडी पेटीतून बोअर गेज काढलं. लांब दांडी, खाली दोन बोटं, वर घड्याळासारखी तबकडी. आधी मायक्रोमीटरवर ८४ मिलिमीटरला काटा शून्यावर आणला, कारण या इसुझू इंजिनाचा मूळ बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२. मग एकेका भोकात तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी माप घेतलं. दांडी हळूच डोलवायची, काटा जिथून माघारी फिरतो तो आकडा खरा. चार सिलिंडर, प्रत्येकी सहा मापं, म्हणजे चोवीस आकडे. सगळे त्यांनी खडूने ब्लॉकवरच लिहिले.

मला वाटलं होतं, सिलिंडर झिजतो म्हणजे नळीसारखा सगळीकडून सारखा झिजतो. तसं नसतं. पिस्टन वर टोकाला पोचून क्षणभर थांबतो, तिथे तेलाचा थर सगळ्यात पातळ आणि रिंगांच्या मागे जळत्या वायूचा दाब सगळ्यात जास्त. म्हणून झीज वर जास्त, खाली कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन ढकलतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीला रेटला जातो. भोक वरून खाली निमुळतं आणि आडवं अंडाकृती होतं. अगदी वरच्या काठाला, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे जुन्या मापाची कड शिल्लक राहते. वस्तादांनी माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं. नखाला अडली.

दुसऱ्या सिलिंडरमध्ये सर्वाधिक माप ८४.२१ आलं. तरुण खूश झाला, ‘म्हणजे पाव मिलिमीटरच्या पहिल्या ओव्हरसाइजमध्ये निघेल!’ वस्ताद म्हणाले, ‘नाही निघणार. झीज एका अंगाला आहे. मधला बिंदू न हलवता ते अंग साफ करायचं तर समोरच्या अंगालाही तेवढंच कापायला हवं. एकवीसच्या दुप्पट बेचाळीस. अर्ध्या मिलिमीटरवर जावं लागेल.’ हा हिशेब त्यांनी कागदावर केला नाही. दूधवाला रतीब सांगतो तसा सांगितला.

अर्ध्या मिलिमीटरने इंजिन किती वाढतं, हे मी घरी येऊन मांडून पाहिलं. ८४.५च्या बोअरने १,८१७चे होतात साधारण १,८३९ सीसी. वाढ २२ सीसी, म्हणजे चहाचे चार चमचे. अमेरिकेत स्वस्तातला स्वस्त व्ही-एट बांधणारेही हेच करतात: शेवरोलेचं ३५० घनइंचांचं इंजिन ३० थाऊ बोअर केलं की ३५५ होतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मापं मिलिमीटरमध्ये आली तरी हा शब्द पुण्याच्या वर्कशॉपमधून गेलेला नाही. एकूण काय, बोअर करून ताकद विकत मिळत नाही. मिळतं ते गोल, सरळ भोक. आणि गेलेली ताकद त्या भोकातूनच गेलेली असते.

इथे वस्तादांचं सगळं अर्थशास्त्र आलं. त्यांनी तरुणाची यादी खोडली नाही, फक्त क्रम उलटा केला. पहिले पैसे मापाला आणि धुण्याला. मग पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. मग बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह बसवणं. मग ऑईल पंप आणि रेडिएटर, कारण नवं इंजिन जुन्या रेडिएटरमागे उकळलं तर आधीचा सगळा खर्च पाण्यात. मग ब्रेक. उरलं तर सायलेन्सर. कॅमचं नाव निघालं तेव्हा ते म्हणाले, ‘आधी इंजिन जसं कारखान्यातून आलं तसं तरी होऊ दे. तुझ्या वडिलांनीसुद्धा ते तसं नीट चालवलेलं नसेल.’

त्या दिवशी कॉन्टेसाचा ब्लॉक कापायचा नव्हता. ‘पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर नाही,’ हा दुकानाचा नियम. डब्यावर ०.५० छापलेलं असतं, पण आतला पिस्टन मोजून, त्याला लागणारी फट धरून भोक करायचं असतं. आधी भोक करून मग पिस्टन शोधणं म्हणजे चप्पल बघून पाय कापणं. म्हणून मला दुसऱ्याच एका ब्लॉकवर काम पाहायला मिळालं.

बोअरिंग मशीन थेट ब्लॉकच्या माथ्यावर बसतं. त्याच्या दांड्यातून तीन बोटं बाहेर येतात, भोकाला आतून धरतात आणि दांडा मध्यावर आणतात. वस्ताद हे सेंटरिंग तळाशी करतात, जिथे झीज कमी. वरच्या झिजलेल्या भागात केलं तर भोक मूळ जागेवरून सरकतं आणि पिस्टन जन्मभर वाकडा चालतो. एकच हत्यार, तेही हाताने धार लावलेलं, फिरत फिरत सावकाश खाली उतरतं. बिडाचे लांब कुरळे छिलके निघत नाहीत. काळी पूड झरते, शिसपेन्सिलीला टोक करताना पडते तशी. तीन-चार थाऊ मुद्दाम शिल्लक ठेवतात. ते होनिंगचे दगड खातात आणि भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटवतात. भिंत आरशासारखी हवी असं मला वाटत होतं. आरशावर तेल थांबत नाही, जाळीत थांबतं.

वस्तादांची खरी कडक शिस्त त्यानंतर दिसली. ब्लॉक धुवायला त्यांनी रॉकेल घेतलं नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. रॉकेलने दगडाची कच रेघांत रुतून राहते, साबणाने ती उचलली जाते. पांढरं फडकं आतून फिरवायचं, राखाडी झालं की पुन्हा धुवायचं. पाचव्या फडक्याला ते थांबले आणि लगेच तेलाचा हात मारला, नाहीतर तासाभरात गंज चढतो. या धुण्याचे ते पैसे घेत नाहीत. ‘बिलात लिहिलं तर गिऱ्हाईक म्हणतं, घरीच धुतो.’

पुण्याचा अधिकृत इतिहास मोठ्या इंजिनांचा आहे. खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६पासून, मुंढव्याला भारत फोर्ज, कोथरूडला कमिन्स, पिंपरीत टेल्को, टेकडीवर एआरएआय. या शहरात घडलेले क्रँकशाफ्ट जगभर जातात. ते सगळं सांगणाऱ्या चकचकीत पुस्तिका मी चाळल्या आणि बाजूला ठेवल्या, कारण त्यांत एकदा झिजलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे कुठेच नव्हतं. ते या बोळात होतं. वस्ताद स्वतः तरुणपणी अशाच एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. तिथे शिकलेला हात इथे आणला.

पण इथून पुढे गोष्ट सरळ राहिली नाही.

पहिला घोर सुट्या भागांचा. कॉन्टेसा २००२ साली बंद झाली, उत्तरपाड्याचं उत्पादन २०१४ साली थांबलं. ॲम्बॅसिडरच्या इंजिनाचं सामान अजून निघतं, कारण ती टॅक्सी होती, गावोगाव होती. इसुझूवाल्या कॉन्टेसाचं सामान म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावरचा जुना साठा. कुठला भाग कधी मिळेल यावर वेळापत्रक ठरतं आणि कितीला मिळेल यावर अंदाजपत्रक.

दुसरा पेट्रोलचा. शिसं घातलेलं पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं. ते शिसं बिडाच्या जुन्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठकीला आपोआप जपत होतं. आता कडक सीट ठोकून बसवावी लागते. हे दुखणं ॲम्बॅसिडरच्या इंजिनाचं. इथेनॉलचं मात्र सगळ्याच जुन्या गाड्यांना. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, ओल धरतं, आणि त्याला जळायला हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. म्हणजे नळ्या, डायफ्रॅम, जेट हा यादीत नव्याने वाढलेला खर्च. आणि हा टाळला तर जळतो तो नवा पिस्टन.

तिसरा कागदांचा. मित्रमंडळींचा सल्ला होता, एवढी दगदग कशाला, परदेशी गाडीचं आयतं इंजिन टाक. पण इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार बदलाला परवानगी लागते. ब्लॉक तोच ठेवला तर नंबर तोच राहतो, म्हणून बोअर करणं कागदावरही स्वस्त पडतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहेच. त्याचं शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि २०२५पासून वीस वर्षांपलीकडच्या गाडीला १०,०००. वर पर्यावरण कर. २०२१च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना वेगळा दर्जा दिला, पण त्याला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. सगळ्यात पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४पर्यंत थांबेल. नवी नाही, व्हिंटेज नाही, नुसतीच जुनी. पेन्शनही नाही आणि पगारही नाही, अशा वयाची गाडी.

चौथा घोर कोणी बोलून दाखवत नव्हतं. दुकानात दोन मशीन कापडाखाली झाकलेली होती. हल्ली बऱ्याच गाड्यांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात, भिंती पातळ असतात, काहींच्या आत नुसता कडक लेप असतो. बिघडलं की कंपनी अर्धं इंजिनच बदलून देते. कापायला लोखंड शिल्लक ठेवलेलंच नसतं. वस्तादांचा मुलगा चाकणला सीएनसी मशीनवर आहे. तो दिवसाला शेकडो सारखे जॉब काढतो. ‘चांगलं काम आहे त्याचं,’ वस्ताद म्हणाले. ‘पण त्याच्याकडे झिजलेलं काही येत नाही.’

तीन आठवड्यांनी तरुणाचा फोन आला: कोलकात्याहून पिस्टन आले. मी गेलो. डबा जुना, पुठ्ठा पिवळा पडलेला, छाप ०.५०. वस्तादांनी चारही पिस्टन पुसले आणि पिनच्या काटकोनात स्कर्टवर मोजले. चारही मापात. तरुणाने श्वास सोडला. मग त्यांनी ते काचेच्या सपाट तुकड्यावर माथा खाली करून ठेवले आणि चारांतून पिन घातली. तीन पिना एका पातळीत, चौथी जेमतेम मिलिमीटरभर खाली. चौथा पिस्टन दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा, कोणीतरी सेट पुरा करायला डब्यात टाकलेला. तो बसला असता, चाललाही असता, आणि त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कायम कमी राहिलं असतं.

‘वस्ताद, चौथा बदलून मागवतो. तोवर तीन भोकं तरी करून ठेवा. माझी सुट्टी संपत आली.’

वस्तादांनी मान हलवली. ‘आणि चौथा मिळालाच नाही तर? पाऊणचा सेट घ्यावा लागेल, तोही दुसऱ्या जागचा. त्याची फट वेगळी निघाली तर आज कापलेलं भरून कुठून आणू? अजून तुझ्या ब्लॉकमध्ये लोखंड आहे. तुझी शिल्लक तीच.’

त्यांनी चारही भोकांना पुन्हा तेलाचा हात दिला, ब्लॉकवर गोणपाट टाकलं. खडूचे चोवीस आकडे झाकले जाऊ नयेत म्हणून गोणपाट एका बाजूने दुमडलं आणि त्या आकड्यांखाली लिहिलं: ‘पिस्टन येऊ दे.’