लष्करी तांत्रिक प्रशिक्षणातील फावला वेळ

सैन्यदलांच्या तांत्रिक प्रशिक्षण केंद्रांत वर्ग, कार्यशाळा आणि कवायत यांनंतर उरणाऱ्या वेळेत खेळ, सहभोजन, करमणूक आणि शहरभेटी यांतून प्रशिक्षणार्थींचे सामाजिक जीवन घडते. प्रशिक्षणार्थी बराकीतच राहत असल्याने हा वेळ मोकळा असला तरी पूर्णपणे खासगी नसतो. कामावर जे सोबती असतात, तेच विश्रांतीतही असतात. महाराष्ट्रात खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, दापोडीचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आणि लोणावळ्याजवळील नौदलाची आयएनएस शिवाजी ही अशा प्रशिक्षणाची प्रमुख केंद्रे आहेत.

इतिहास

फावल्या वेळेकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आढळतात. ब्रिटिश काळात नाशिकजवळील देवळाली येथे मायदेशी परतणाऱ्या सैनिकांचा तळ होता. जहाजाची वाट पाहत त्यांना अनेकदा महिनोन्‌महिने काहीही काम नसताना तेथे राहावे लागे. उष्मा, आजार आणि रिकामपण यांमुळे येणाऱ्या भ्रमिष्टपणाला सैनिक ‘डुलाली टॅप’ म्हणू लागले. यातील ‘डुलाली’ हा देवळालीचा अपभ्रंश असून ‘टॅप’ म्हणजे ताप होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवळालीत सैनिकांची नाट्य-संगीत पथके कार्यक्रम करीत. तेथे अशा पथकात काम केलेल्या जिमी पेरी यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह पुढे ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४–८१) ही बीबीसीची विनोदी मालिका लिहिली.

दुसरे उदाहरण मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक तळाचे आहे. येथे संदेशवहनाचे तांत्रिक प्रशिक्षण दिले जाई. निकृष्ट जेवण, वेतनातील भेदभाव आणि वरिष्ठांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध येथील नाविकांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी अन्न व काम नाकारले. स्वातंत्र्याची आकांक्षाही या असंतोषामागे होती. बिनतारी यंत्रणा चालविण्याचे कौशल्य नाविकांच्याच हाती असल्याने ही बातमी अन्य जहाजांपर्यंत वेगाने पोहोचली. २३ फेब्रुवारीला संपलेला हा संघर्ष नाविकांचे बंड म्हणून ओळखला जातो. भोजनगृहातील असमाधानाला राजकीय परिणाम असू शकतात, हे त्यातून दिसून आले.

दिनक्रम आणि सहजीवन

सकाळी शारीरिक व्यायाम, त्यानंतर वर्ग व कार्यशाळा आणि सायंकाळी मैदान असा सर्वसाधारण क्रम असतो. सायंकाळच्या खेळांनाही ‘गेम्स परेड’ म्हटले जाते, कारण त्यांना उपस्थिती सहसा सक्तीची असते. सुट्टीच्या दिवशी आवाराबाहेर जाण्यासाठी ‘आऊट पास’ घ्यावा लागतो. नौदलात या परवानगीला ‘लिबर्टी’ म्हणतात.

जवानांचे स्वयंपाकघर ‘लंगर’ या नावाने, तर अधिकाऱ्यांचे भोजनगृह व करमणुकीची जागा ‘मेस’ या नावाने ओळखली जाते. विशेष प्रसंगी होणाऱ्या ‘बडाखाना’त अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. एरवी पदानुसार विभागलेले जीवन या प्रसंगी एका पंगतीत येते. सण आणि पूजाअर्चाही सामूहिकरीत्या होतात. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, भिन्न भाषा बोलणारे तरुण अशा प्रसंगांतून परस्परांशी जोडले जातात.

खेळ

विरंगुळा म्हणून वा सक्तीने सुरू झालेला खेळ काहींच्या आयुष्याची दिशा ठरवतो. नाशिक जिल्ह्यातील दुष्काळप्रवण चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाले. बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये त्यांची रोइंगशी, म्हणजे वल्हवण्याच्या क्रीडाप्रकाराशी, ओळख झाली. पुढे दापोडीच्या आर्मी रोइंग नोडमध्ये त्यांनी सराव केला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत ते १३ वे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या यंत्र-अभियांत्रिकी दलात (ईएमई) जवान व मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. त्यानंतर ते जलतरणाकडे वळले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले.

छत्रपती संभाजीनगर येथील पूर्वतयारी

छत्रपती संभाजीनगरमधील छावणी हा ब्रिटिशकाळापासूनचा लष्करी परिसर आहे. याच शहरात राज्य शासनाने १९७७ मध्ये सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट ही निवासी संस्था स्थापन केली. येथे तांत्रिक प्रशिक्षण दिले जात नाही. महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी तयारी करून घेतली जाते. मात्र वसतिगृह, मैदान आणि सामूहिक भोजन यांमुळे सैनिकी सहजीवनाची सवय सेवेत जाण्यापूर्वीच लागू शकते.