सुंठ-दालचिनीचं शहर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनमध्ये वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नोव्हेंबरच्या ओल्या, लवकर अंधारणाऱ्या दिवसांत इथल्या बालवाड्या, शाळा आणि घराघरांतले ओव्हन एकाच कामाला लागतात. जिंजरब्रेडची, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या बिस्किटाची, घरं भाजायची आणि नाताळसाठी एका छताखाली नेऊन मांडायची. १९९१ पासून दरवर्षी उभ्या राहणाऱ्या या नगरीचं नाव पेपरकाकेब्यूएन. घरं सुमारे २०००. जगातली सर्वांत मोठी जिंजरब्रेड नगरी आपलीच, असं बर्गनकर अभिमानानं सांगतात.

पिठात मैदा, लोणी, साखर, काकवीसारखा दाट पाक आणि सुंठ, दालचिनी, लवंग, मिरी. गोळा रात्रभर थंड जागी ठेवला की लाटताना चिकटत नाही. खायच्या बिस्किटाला हलकेपणा हवा, भिंतीला तो परवडत नाही. म्हणून घर बांधायच्या पिठात सोडा नावापुरता किंवा नाहीच. पीठ फुगलं की कडा वाकतात आणि भिंती जुळत नाहीत. कागदी साच्यावरून कापलेले तुकडे ओव्हनमधून काढल्याबरोबर, गरम असतानाच, सुरीनं पुन्हा सरळ करून घ्यावे लागतात. थंड झाल्यावर सुरी लावली तर तडा गेलाच. खिडकीच्या भोकात रंगीत गोळ्यांचा चुरा भरून तुकडा भाजला की चुरा वितळून काच तयार होते. जोडकामाला अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटून केलेलं आयसिंग, नाहीतर वितळवून सोनेरी केलेली साखर. ही साखर झटकन धरते, पण बोटाला लागली तर चांगलीच पोळते. भिंती काही तास सुकू द्यायच्या, मगच छप्पर चढवायचं. घाई केली की ते घसरतं.

एवढं करूनही दमट हवेपुढे इलाज चालत नाही. साखर ओलावा ओढून घेते आणि भिंती मऊ पडतात. पावसाच्या गावानं नेमका हाच छंद जिवापाड जपावा, याचं कौतुक वाटतं.

या घरांचं मूळ जर्मनीत. मलबारची मिरी व्हेनिसमार्गे न्यूरेंबर्गला पोचायची आणि तिथले कारागीर मध-मसाल्याचे केक भाजायचे. ग्रिम बंधूंची हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट १८१२ मध्ये छापली गेली. तिच्यातलं चेटकिणीचं घर पावाचं, छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या. पुढे अशी घरं नाताळात घरोघरी होऊ लागली.

अमेरिकेतल्या ॲशव्हिलला ग्रोव्ह पार्क इन या हॉटेलात १९९२ पासून स्पर्धाच भरते. सगळं खाण्याजोगं हवं आणि मुख्य ढाचा किमान ७५ टक्के जिंजरब्रेडचा, असे तिचे नियम. तिथलं कसब थक्क करतं. तरी मोठेपण बर्गनचं, कारण तिथे बालवाडीतल्या मुलांचं एका बाजूला कललेलं घरही हक्कानं नगरीत उभं असतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये कुणीतरी आत घुसून सगळी नगरी तुडवून टाकली. बर्गनकरांनी पुन्हा पीठ मळलं, घरं भाजून आणली आणि त्याच नाताळात पेपरकाकेब्यूएन परत वसवलं.