गाळून न निघणारं प्लॅस्टिक

खामगावच्या जिनिंगमध्ये हंगामात कापसाच्या गंजीशी उभं राहून नीट पाहिलं, तर पांढऱ्यात पांढरं सापडतं. रुईच्या पुंजक्यात मधूनच एखादा चपटा, चकाकणारा, जरा कडक धागा. तो खताच्या पोत्याचा असतो. वेचलेला कापूस रिकाम्या पोत्यात भरला, काठाचे धागे निसटले आणि कापसाबरोबर जिनिंगला आले. हे पॉलिप्रोपिलीन. रोलरमधून आणि पुढे सूतगिरणीच्या यंत्रांमधून जाताना त्याचे तुकड्यांवर तुकडे होतात आणि ते सुतात बेमालूम मिसळतात. उघडे पडतात ते थेट रंगाईत. सुती कापडाचा रंग पॉलिप्रोपिलीनला चढतच नाही, म्हणून गडद कापडावर पांढरे ठिपके उमटतात. ज्या खामगावचा कापूस न्यायला १८७० साली जलंबपासून खास रेल्वेफाटा टाकला, तिथल्या मालाच्या अंगाला आता हा पाहुणा चिकटलेला आहे.

ठिपका दिसतो तरी. रंगाई-धुलाईच्या पाण्यातून जे वाहून जातं ते दिसत नाही. पॉलिएस्टर, ॲक्रिलिक यांचे तंतू घासले गेले की झडतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात २०१६ साली केलेल्या मोजणीत सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू निघू शकतात, असा हिशेब आला. ते घरचं यंत्र. कारखान्यात टनांनी कापड पाण्यातून फिरतं.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोप्लॅस्टिक, अशी सर्वसाधारण व्याख्या. वरच्या टोकाचे तुकडे जाळीत अडकतात. खरी गंमत खालच्या टोकाला आहे. पाणी स्थिर ठेवलं तर कण आपोआप तळाशी बसतील, असं आपल्याला वाटतं. हिशेब मांडून पाहा. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड, तेव्हा बुडायला हवं. पण दहा मायक्रॉनचा कण एक मीटर खोल टाकीचा तळ गाठायला साडेतेरा तासांच्या आसपास घेतो. एक मायक्रॉनचा कण? सुमारे छप्पन्न दिवस, तेही पाणी जराही हललं नाही तर. आकार दहापट घटला की वेग शंभरपट घटतो. पॉलिप्रोपिलीन तर पाण्याहून हलकंच, ते खाली जाण्याचा प्रश्नच नाही.

पण हाच नियम उलटा वाचला तर वाट सापडते. कण दहापट मोठा झाला की शंभरपट लवकर बसेल. म्हणजे प्लॅस्टिक पकडण्यासाठी त्याहून बारीक जाळी विणत बसायचं कारण नाही. कणांना एकमेकांना चिकटवलं की पुरे.

आणि ते चिकटत का नाहीत, याचं उत्तर बुलढाण्याच्या काळ्या मातीत आहे. पावसाळ्यात पैनगंगेला गढूळ लोंढा येतो आणि येळगाव धरणात साठतो. त्यातली चिकणमाती घागरीत दिवसेंदिवस तरंगत राहते, कारण प्रत्येक कणाच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना लोटतात, कण जवळ येतच नाहीत. पाण्यातल्या प्लॅस्टिकच्या कणांवरही बहुधा असाच ऋणभार असतो. घागरीत तुरटीचा खडा फिरवला की त्यातलं ॲल्युमिनियम तीन धनभार घेऊन पाण्यात उतरतं. कणांमधलं वैर मिटतं. शिवाय ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरट, गिलगिलीत साका धरतो आणि खाली बसताना वाटेत सापडेल त्याला कवेत घेतो. कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पात हेच होतं. घागरीच्या जागी टाकी आणि हाताच्या जागी फिरतं पातं. पातं आधी जोरात फिरवतात, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते. मग अगदी हळू, म्हणजे जुळलेले पुंजके मोडत नाहीत. हलके पुंजके बसण्याऐवजी वर काढायचे असतील तर खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. ते पुंजक्यांना बिलगून त्यांना वर नेतात आणि वरची साय खरवडून घेतात.

इथे एक अडचण आहे, आणि ती समजून घ्यायला लोणारइतकी चांगली जागा नाही. उल्कापातानं बेसॉल्टमध्ये झालेल्या त्या पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद विवरातलं पाणी इतकं अल्कधर्मी की सामू साडेनऊ-दहाच्या घरात. त्या पाण्यात नेहमीच्या मात्रेत तुरटी टाकली तर साका धरायचाच नाही. एवढ्या अल्कात ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं, वर स्वतःच ऋणभारित होतं. सुती कापडाच्या रंगाईचं पाणीही बऱ्याचदा असंच असतं, आणि कारणही तेच: सोडा. रंग धाग्यावर पक्का बसावा म्हणून रंगाईत सोडिअम कार्बोनेट घालतात. लोणारच्या काठावर पूर्वी डल्ला, पापडी अशा नावांनी जे क्षार गोळा करत, त्यांतही मुख्यतः सोडाच. म्हणून कारखान्यात आधी आम्ल घालून सामू सातच्या आसपास आणायचा आणि मगच तुरटी. हा क्रम चुकला तर तुरटीची पोतीच्या पोती वाया जातात.

तुरटीनं भार मिटतो, पण पुंजके नाजूक राहतात. त्यांना बांधायला लांब साखळीचा रेणू लागतो. कारखाने त्यासाठी पॉलिॲक्रिलामाइड वापरतात. हाही कृत्रिम बहुवारिकच; प्लॅस्टिक काढायला त्याचाच चुलतभाऊ पाण्यात सोडायचा, हे मला कायम जरा मजेशीर वाटत आलं आहे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळातल्या गुळव्याचा उपाय वेगळा. रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात भिजवायची, तो बुळबुळीत रस काहिलीत सोडायचा. उसाच्या रसातली घाण मळी होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढायची. भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजे शर्करेच्या लांबच लांब साखळ्या. एकेक साखळी कितीतरी कणांना एकाच वेळी धरते.

टेक्सासच्या टार्लटन स्टेट विद्यापीठातल्या रजनी श्रीनिवासन यांनी हीच युक्ती मायक्रोप्लॅस्टिकवर चालवून पाहिली. भेंडी आणि मेथीदाणे पाण्यात भिजवून निघालेला बुळबुळीत अर्क वाळवून त्याची पूड केली आणि लिटरला एक ग्रॅम टाकली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, मुद्दाम प्लॅस्टिक मिसळलेल्या पाण्यातून तासाभरात मेथीनं ९३ टक्के आणि भेंडीनं ६७ टक्के कण काढले. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तर अर्ध्या तासात ७० टक्के. निसर्गातल्या पाण्यात मात्र क्रमवारी बदलली. समुद्राच्या पाण्यात भेंडी सरस, भूजलात मेथी, गोड्या पाण्यात मिश्रण. पाण्यातले क्षार बदलले की साखळ्या वेगळ्या पसरतात, म्हणून एका गावची मात्रा दुसऱ्या गावाला जशीच्या तशी लागू होत नाही. लिटरला ग्रॅम म्हणजे दहा लाख लिटरला एक टन पूड, हेही लक्षात ठेवायला हवं. पिठलं-भाकरीबरोबर मेथी खाणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यालाही ते जड जाईल.

पुंजके काढल्यानंतरची पायरी म्हणजे वाळूची गाळणी किंवा सूक्ष्म छिद्रांचा पडदा. फिनलंडमध्ये २०१७ साली तपासलेल्या, जिवाणू आणि पडदा एकत्र वापरणाऱ्या प्रकल्पानं ९९.९ टक्के कण अडवले. पण टक्क्यांवर फार भाळू नये. ग्लासगोच्या परिसरातल्या साडेसहा लाख लोकसंख्येच्या एका सांडपाणी प्रकल्पात २०१६ साली ९८ टक्क्यांहून जास्त मायक्रोप्लॅस्टिक निघत होतं. तरीही पाणीच इतकं, की रोज सुमारे साडेसहा कोटी कण नदीत जात होते.

आणि जे अडवलं ते गेलं कुठे? गाळात. पाणी निवळलं म्हणजे प्लॅस्टिक संपलं असं होत नाही, ते चिखलात दाट होऊन बसतं. शहरी सांडपाण्याचा गाळ अनेक देशांत खत म्हणून शेतात पसरतात. तसं केलं तर पाण्यातून काढलेलं प्लॅस्टिक मातीला दिल्यासारखंच. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार औद्योगिक सांडपाणी शुद्धीकरणातला रासायनिक गाळ घातक कचऱ्याच्या यादीत येतो. त्याला एक चांगली वाट आहे सिमेंटच्या भट्टीची. चुनखडीचं क्लिंकर व्हायला तिथे जवळपास १४५० अंश सेल्सिअस लागतात. गाळ वाळवून त्या ज्वाळेत टाकला की पॉलिएस्टर आणि पॉलिप्रोपिलीन जळून जातात, त्यांची उष्णता भट्टीच्या कामी येते. उरतं ते तुरटीतलं ॲल्युमिनियम. क्लिंकरला ते हवंच असतं, म्हणून तेही सिमेंटमध्ये जाऊन बसतं.